बोंडं वेचणारे आणि बाईसाहेबांचे अश्रू

रॉबिन जेंकिन्सची 'द कोन-गॅदरर्स' ही कादंबरी १९५५ सालची. स्कॉटलंडच्या शाळांतून ती वर्षानुवर्षं शिकवली जाते. मास्तर काय शिकवतात? ख्रिस्ताचं रूपक, निष्पापाचा बळी, चांगलं विरुद्ध वाईट. उत्तर पाठ झालं की पोरांना मार्क मिळतात, आणि नील नावाचा मजूर पुस्तकातून गायब होतो. मित्रांनो, मला बोलायचंय ते ह्या नीलबद्दल.

काळ दुसऱ्या महायुद्धाचा. खाडीकाठी एका सरदार घराण्याची इस्टेट आहे. सर कॉलिन रन्सी-कॅम्पबेल लढाईवर गेलेत, कारभार त्यांच्या बाईसाहेब बघतात. लढाईला लाकूड हवं म्हणून जंगल तुटणार आहे. तुटण्याआधी उंच झाडांवर चढून बियांची बोंडं काढायची, म्हणजे पुढं नवं जंगल उभं राहील. हे काम नील आणि कॅलम ह्या दोघा भावांचं. नील थोरला, सांधे धरलेले. कॅलम पाठीत कुबडा, बुद्धीनं पोरासारखा, पण झाडावर वानरासारखा. राहायला रानातली एक खोपटी. समोर बंगला, त्यातल्या बहुतेक खोल्या रिकाम्या. नीलच्या डोक्यात हा हिशोब रात्रंदिवस चालू असतो. कॅलम म्हणतो, आपलं बरं चाललंय. नील म्हणतो, नाही चाललेलं.

जेंकिन्सनं युद्धात बंदूक धरायला नकार दिला होता, म्हणून त्याला जंगलाच्या कामावर धाडलं होतं. त्यामुळं फांदी, थंडी, वारा, थैलीचं ओझं हे सगळं त्यानं अंगानं ओळखलेलं. मजुराचं काम मजुराच्या बाजूनं लिहिणारे फार थोडे, त्यातला हा एक. म्हणून तर त्याच्याशी भांडायचं.

वादळाचा प्रसंग घ्या. विजा चमकतायत, दोघं चिंब. किनाऱ्यावर बाईसाहेबांची मौजेची झोपडी आहे, कुलूपबंद. दोघं आत शिरतात, शेकोटी पेटवतात. तेवढ्यात बाई पोरांना घेऊन येतात, आणि ह्या दोघांना त्याच पावसात बाहेर हाकलतात. बाई दुष्ट नाही हो. लेखकानं तिला धर्मभीरू केलंय, न्यायाधीश बापाची लेक केलंय, तिच्या मनाला टोचणीही दिलीय. टोचणी लागते आणि दार बंद होतं! दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे जेंकिन्सनं जितकं नेमकं दाखवलंय तितकं मोठमोठ्या क्रांतिकारक कादंबऱ्यांतही सापडायचं नाही.

आता ड्यूरॉर. हा इस्टेटीतल्या शिकारीच्या जनावरांचा राखणदार. त्याला कॅलमचा मनस्वी तिटकारा. समीक्षक त्याला 'दुष्टतेचं प्रतीक' म्हणून मोकळे होतात. पण बघा, त्याची बायको वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली, सैन्यात जातो म्हटलं तर वयामुळं परत पाठवलेला. तोही नोकरच. तिकडच्या इस्टेटींवर राखणदाराचं घर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबर जायचं. शिकारीला जाणाऱ्या साहेबाच्या दिमतीला जो असतो त्याला 'गिली' म्हणतात. गेलिक भाषेत त्याचा मूळ अर्थ पोरगा. माणूस साठीचा झाला तरी पोरगाच! ड्यूरॉर अशा हुकुमाच्या दुनियेत मुरलेला. त्याचा द्वेष त्याच्या घरातूनही आलाय, नाही म्हणत नाही. पण तो द्वेष वर बंगल्याकडं का वळत नाही, खाली खोपटीकडंच का घसरतो? हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही.

कॅलमबद्दल मात्र माझी लेखकाशी तक्रार आहे. गरीब माणूस देवदूत असला तरच त्याचा जीव मोलाचा का? कॅलम फासातले ससे सोडवतो, हरणाच्या अंगावर झेप घेतो, कुणाचा राग म्हणून नाही. असा मजूर वाचकाला परवडतो. नील परवडत नाही, कारण तो कुरकुर करतो, मनात धरून ठेवतो.

आणि हाच नील शेवटी जे करतो त्यापुढं सगळी रूपकं फिकी. बाईंचा मुलगा रॉडरिक झाडावर चढतो आणि वर अडकतो. बाई माणूस धाडतात : बोंडं वेचणाऱ्यांना बोलवा. नील निरोप पाठवतो, मदत हवी तर बाईंनी स्वतः यावं आणि मागावी. बस्स, एवढंच. संप नाही, घोषणा नाही. पोराचा जीव टांगलेला असताना असं म्हणणं निर्दयपणाचं आहे का? असेल. पण पावसात हाकललेल्या माणसाकडं दुसरं होतं काय? बाई निघते, रागानं आणि भीतीनं, पण निघते.

ती पोचायच्या आत ड्यूरॉर कॅलमला गोळी घालतो, मग स्वतःला. कॅलम झाडावर लटकलाय, खाली रक्त आणि बोंडं. बाई गुडघे टेकते, रडते, आणि लेखक तिच्या मनात करुणा, आशा, वर आनंदसुद्धा घालतो. आनंद! ह्या एका शब्दावर मी पुस्तक मिटलं होतं. नकार नीलचा, मेलेला भाऊ नीलचा, आणि शुद्ध होऊन कोण उठणार, तर बाई.

स्कॉटलंडातली सरंजामी जमीनधारा कायद्यानं संपली २८ नोव्हेंबर २००४ ला. तरीही २०१३ साली मांडलेल्या हिशोबात खाजगी ग्रामीण जमिनीपैकी निम्मी अवघ्या ४३२ मालकांकडं निघाली. हे आकडे ह्या कादंबरीशेजारी ठेवून शिकवायला हवेत.

शेवटच्या पानावर नील त्या झाडाच्या बुंध्याशी आहे, वर भावाकडं जायची धडपड करतोय. लेखक त्याला तिथंच सोडून बाईकडं वळतो. त्या रात्री नील कुठं झोपला असेल? खोपटी तर बाईंच्याच रानात होती.