तो हाच राग का? जॅझमधल्या रागांची तबकडी घ्यावी की न घ्यावी



मागच्या व्याख्यानानंतर एक चिठ्ठी आमच्या हाती आली. प्रश्न साधा आहे. आपल्या आवडत्या संगीताचा कुणी जॅझमध्ये नवा अवतार काढला, तर तो विकत घ्यावा का? चिठ्ठीत नाव होतं 'राग जॅझ स्टाइल' या तबकडीचं. आज तेवढ्यावरच बोलू. प्रश्न लहान वाटेल, पण आपण कुंभारीत बसलो आहोत. इथे कित्येक घरांत पैसा हजार विड्यांच्या हिशेबाने येतो. तेव्हा 'छान आहे, ऐका' एवढं म्हणून आम्हाला सुटता येणार नाही.

आधी वस्तुस्थिती पाहू. ही तबकडी १९६८ सालची, एच.एम.व्ही.ची. संगीतकार शंकर-जयकिशन. म्हणजे हिंदी चित्रपटसंगीतात तेव्हा ज्यांचं नाव घरोघरी होतं ती जोडी. तबकडीवर अकरा राग आहेत: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँमल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी. सतारीवर रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो. सोबत तबला आहे, बासरी आहे, गिटार आहे.

आता असं काही हाती आलं की आपल्याकडे दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. एक म्हणतो, 'रागाची मोडतोड केली.' दुसरा म्हणतो, 'वा, काय नवीन केलंय!' दोघेही ऐकण्याआधीच बोलतात. पहिल्याला जुनं म्हणून प्रिय, दुसऱ्याला नवं म्हणून प्रिय. यात तबकडीचं परीक्षण कुठे आलं?

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून तिकडचं एक जुनं उदाहरण घेतो. 'तो हा देवदत्त.' पूर्वी दुसऱ्या गावी पाहिलेला देवदत्त आज इथे समोर उभा आहे. तेव्हाचा काळ गेला, ते गाव गेलं. तरी आपण त्याला ओळखतो. कसं? 'तेव्हा' आणि 'तिथे' हा भाग आपण सोडतो, देवदत्त तेवढा ठेवतो. वेदान्ती याला भागत्याग-लक्षणा म्हणतात. नव्या अवताराचं परीक्षणही असंच करायचं. काय सोडलं? काय ठेवलं? आणि जे ठेवलं ते पाहून 'तो हा' असं आपल्या तोंडून निघतं का? सोलापूरकरांना हे मागावरच्या भाषेतही सांगता येईल: बाणा बदला, पण ताणा कुठला धरलाय ते दाखवा.

मालकंस घ्या. या रागात ऋषभ नाही, पंचम नाही. सगळा भार षड्ज आणि मध्यमावर. आता जॅझमधल्या साथीची सवय अनेक स्वर एकदम वाजवून स्वरमेळ उभा करायची. त्या मेळात सवयीने पंचम शिरला की मालकंस संपला. म्हणजे इथे जॅझला आपली सवय सोडावी लागते. तोडीत अडचण वेगळी. तिथला गांधार नेहमीच्या कोमलापेक्षाही खाली ओढलेला असतो. पियानोच्या ठरलेल्या पट्टीवर तो मिळायचा नाही. सतारीच्या मींडेवर मिळतो. या तबकडीवर रागाची वाट प्रामुख्याने सतारीनेच धरून ठेवली आहे, ती उगाच नाही.

कलावतीत मात्र गंमत आहे. षड्ज, गांधार, पंचम आणि कोमल निषाद एकत्र वाजवून बघा. ब्लूज आणि जॅझ ज्याच्यावर उभे आहेत तोच हा स्वरमेळ. रागातच तो आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. प्रभाताई अत्र्यांचा कलावती ज्यांच्या कानात मुरला आहे त्यांनी हा तुकडा जरूर ऐकावा. आमच्या मते अकरांमध्ये सर्वांत सहज बसलेला तोच.

मग कमी कुठे पडतं? हिशेब करा. एल.पी.च्या दोन बाजू मिळून साधारण चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. त्यात अकरा राग. एकेकाच्या वाट्याला चारेक मिनिटं, म्हणजे चित्रपटगीताची लांबी. आता राग आणि जॅझ यांच्यात खरं नातं कशाचं आहे? जागच्या जागी सुचण्याचं, विस्ताराचं. नेमकं तेच इथे आखडलं आहे. दोन पाहुण्यांची भेट घडवली आणि त्यांना बोलायला वेळच दिला नाही, असं काहीसं झालं.

कुणी म्हणेल, अहो, अब्दुल करीम खाँसाहेबांनी जुन्या तबकडीवर तीन-साडेतीन मिनिटांत राग उभा केलाच ना? केला. पण तिथे काय सोडायचं हे रागाच्या आत राहून ठरवलं होतं. इथे बऱ्याच ठिकाणी ते वाद्यवृंदाच्या बांधणीने ठरवलं आहे. सतारीचं झालं, आता ट्रम्पेटची पाळी, मग पुन्हा सगळे मिळून. बांधणी नेटकी आहे, पण नेटकेपणा म्हणजे उमज नव्हे.

उलट दिशेचं उदाहरण बघा. 'द साउंड ऑफ म्युझिक' या १९५९ च्या संगीतनाटकातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' हे छोटं, गोड गाणं. जॉन कोल्ट्रेनने १९६० मध्ये ते सोप्रानो सॅक्सोफोनवर घेतलं आणि साडेतेरा मिनिटांहून जास्त वाजवलं. स्वरमेळांची धावपळ कमी केली, एका जागी ठाण मांडून विस्तार केला. रविशंकरांविषयी त्याला एवढा आदर की मुलाचं नाव रवी ठेवलं. रागाचं नाव न घेता तो रागाच्या रीतीजवळ गेला. इथे अकरा रागांची नावं घेऊनही पुष्कळदा आपण चालीजवळच थांबतो.

आणि आपल्या घरचं उदाहरण? कुमार गंधर्वांचं 'मला उमजलेले बालगंधर्व'. नावातच सगळं आलं. नक्कल नाही, सुधारणा नाही, 'मला उमजलेले'. बालगंधर्वांचा आवाज सोडला, रंगभूमी सोडली, लयीचा आणि भावाचा विचार ठेवला. ते ऐकून माणूस पुन्हा बालगंधर्वांकडे जातो आणि तिथे पूर्वी न ऐकलेल्या जागा ऐकतो. नव्या अवताराला पैसे द्यायचे ते यासाठी. मूळ कृती त्याने आपल्याला पुन्हा नव्याने ऐकवली पाहिजे.

आता निकाल. राग समजून घ्यायला म्हणून ही तबकडी घेऊ नका. तेवढ्या पैशात प्रभाताई घ्या, भीमसेनजी घ्या. पण चित्रपटांच्या पाटीवर ज्यांची नावं क्वचितच झळकली, त्या मुंबईच्या वाद्यवृंदातले वादक किती तयारीचे होते हे ऐकायचं असेल, तर ही तबकडी संग्रही हवी. गायक नाही, नट नाही, पडदा नाही, फक्त वादक. ही तिची खरी किंमत आहे आणि ती थोडी नाही.

आणि तरीही खात्री वाटत नसेल तर एक करा. आधी मित्राकडे किंवा इंटरनेटवर तिन्ही तुकडे ऐका: कलावती, मालकंस, तोडी. दुसऱ्या दिवशी तेच राग आपल्या आवडत्या गायकाचे ऐका. काल न ऐकलेलं काही आज ऐकू आलं, तर खुशाल पैसे मोजा. नाही आलं, तर पैसे खिशात राहू द्या, त्यात अरसिकपणा काही नाही.