मधली रिकामी फळी

मराठी कथा-कादंबरी गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आमच्या भागापर्यंत येऊन पोचली, याचा वाचक म्हणून मला मनापासून आनंद आहे. आमचं जामखेड नगर जिल्ह्याच्या पार टोकाला. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण एसटीपाशी उभा असलेला माणूस अजून 'नगर का?' असंच विचारतो.) एका अंगाला बीड, दुसऱ्या अंगाला धाराशिव, खाली सोलापूर. इथली बोली, इथलं कोरडवाहू रान, दसरा झाला की कारखान्याच्या वाटेला लागणारी माणसं पूर्वीच्या पुस्तकांत यायची ती विनोदापुरती, नाहीतर वाचणाऱ्याला दया यावी म्हणून. आता तसं राहिलेलं नाही. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास'ला २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आसाराम लोमटे यांच्या 'आलोक'ला २०१६ मध्ये, किरण गुरव यांच्या 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी'ला २०२१ मध्ये, कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'ला २०२३ मध्ये. पुरस्कारावरून पुस्तक जोखू नये हे खरं. पण ही चारही पुस्तकं पुरस्कार बाजूला ठेवूनही उभी राहतात.

लोमटे यांच्या कथेत गावचं राजकारण भाषण ठोकत नाही, ते माणसांच्या उठण्याबसण्यातून कळत जातं. 'रिंगाण'मध्ये धरणाने उठवलेल्या गावचा माणूस मागे राहिलेल्या म्हशीसाठी परत फिरतो. एवढ्याशा गोष्टीवर खोत विस्थापनाचं सगळं ओझं तोलतात, आणि कुठेही आकडेवारी वाचून दाखवत नाहीत. आपल्याच जिल्ह्यातले रंगनाथ पठारे यांची 'सातपाटील कुलवृत्तांत' श्रीरामपूरच्या शब्दालयने २०१९ मध्ये काढली. एका घराण्याच्या कित्येक पिढ्यांचा तो पसारा. वाचताना काही ठिकाणी दम लागतो, इतिहास गोष्टीच्या पुढे धावतो. तरी कुळाच्या मोठेपणाचा जो फुगा आपल्याकडे घरोघर जपला जातो, तो या कादंबरीने ज्या धीराने हाताळला आहे, त्यासाठी ती वाचावीच.

मला जास्त थांबावंसं वाटतं ते 'उसवण'पाशी. देविदास सौदागर तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले. त्यांच्या या छोट्या कादंबरीला २०२४ चा साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. विठ्ठल नावाचा शिंपी, रेडिमेड कपड्यांनी आटत चाललेला त्याचा धंदा, घर. मोठी घटना जवळजवळ नाहीच. आमच्या बाजारपेठेतली शिलाईची दुकानं डोळ्यांपुढे आणा. पूर्वी दिवाळीच्या आधी महिनाभर कारागिराला मान वर करायला फुरसत नसायची, गिऱ्हाईक खेटे घालायचं. आता त्याच मशीनवर बाहेरून आणलेल्या पँटींची उंची कमी करून दिली जाते, नाहीतर शाळेच्या गणवेशावर हंगाम निघतो. हा बदल आपण रोज पाहतो आणि त्याला कुणी काही नावही देत नाही. सौदागर यांनी तो मशीनवर बसलेल्या माणसाच्या बाजूने लिहिला. त्याच्या हातात कसब आहे आणि त्या कसबाला गिऱ्हाईक नाही, हे दुःख शेतकऱ्याच्या दुःखापेक्षा वेगळं आहे. ग्रामीण कादंबरीत ते फारसं आलेलं नव्हतं.

कारण आमच्या या कादंबरीचाही आता एक साचा होऊ लागला आहे. शिकलेला बेकार तरुण, कर्जात बुडालेला बाप, गावचा पुढारी, शेवटी विहीर नाहीतर फवारणीचं औषध. यातलं एकही खोटं नाही. पण तोच क्रम विसाव्यांदा वाचताना वाचक पुढचं पान आधीच ओळखतो, आणि ओळखलेल्या दुःखाने कुणी हलत नाही. त्यातल्या बायका तर बहुतेक वेळा चुलीपाशी रडायलाच असतात. कविता महाजन यांनी 'ब्र'मध्ये आदिवासी भागातल्या महिला सरपंच बोलत्या केल्या, ती कादंबरी २००५ ची. त्या वाटेने पुढे गेलेल्या कादंबऱ्या आजही मोजक्याच.

हे झालं मोठ्यांचं. मुलांच्या पुस्तकांकडे वळलं की चित्र दोन तुकड्यांत पडतं. अगदी लहान, वाचायला नुकतंच लागलेल्या मुलांसाठी मराठीत आज जे होतं आहे ते आधीच्या कुठल्याही काळापेक्षा चांगलं आहे, असं मी ठामपणे म्हणते. त्याचं मोठं श्रेय माधुरी पुरंदरे यांना. त्यांना २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला, एका पुस्तकासाठी नव्हे तर एकूण कामासाठी. 'राधाचं घर' किंवा 'यश'ची पुस्तकं उघडून नुसती चित्रं बघा. खुर्चीवरचा माणूस खरंच अंग सोडून बसलेला असतो. घरात पसारा असतो, आजीचं अंग आजीचंच असतं. मुलाला राग येतो, कंटाळा येतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी शेवटच्या पानावर शहाणपण शिकवत नाही. ज्योत्स्ना प्रकाशनाने ही पुस्तकं ज्या निगुतीने छापली, तीही दाद देण्याजोगी. शिवाय प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं जिल्हा परिषदेच्या शाळांपर्यंत गेली, 'चिकूपिकू'सारखं मासिक निघालं. 'किशोर' तर बालभारती १९७१ पासून काढते आहे, आणि त्याचे जुने अंक संकेतस्थळावर फुकट वाचता येतात.

मात्र या चांगल्या पुस्तकांतलं घर बहुतेक वेळा शहरातलं आहे. त्याला फ्लॅट आहे, बाल्कनी आहे, आईबाबा दोघं नोकरीला आहेत. गाव येतं ते सुट्टीत जायचं ठिकाण म्हणून. आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांचे आईवडील ऐन शाळेच्या दिवसांत ऊसतोडीला जातात. मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, फिटेपर्यंत सुटका नसते. मूल आजीपाशी राहतं, हंगामी वसतिगृहात राहतं, नाहीतर टोळीबरोबर कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या झोपडीत, जाऊन धाकट्या भावाला सांभाळतं. दिवाळीनंतर वर्गातले निम्मे बाक रिकामे होतात हे त्या मुलाचं जग. त्याच्यासाठी पुरंदरे यांच्या तोलाचं, तसंच हसरं, तसंच उपदेश न करणारं पुस्तक हवं आहे. दया दाखवणारं नको. कोपीतही मुलं खेळतात, भांडतात, उसाच्या वाढ्यांच्या बाहुल्या करतात.

ल. म. कडू यांचं 'खारीच्या वाटा' हे या दृष्टीने फार मोलाचं पुस्तक आहे. २०१७ मध्ये त्याला बालसाहित्य पुरस्कार मिळाला. झाडं, पाखरं, गुरं आणि गावची माणसं यांच्यात वाढणारा मुलगा, आणि त्या गावावर येणारं धरण. 'रिंगाण' आणि हे पुस्तक शेजारी ठेवून वाचावं. विषय एकच, पण कडू यांनी मुलाच्या उंचीवरून लिहिताना काहीही सोपं करून सांगितलेलं नाही. मुलांना दुःख झेपत नाही असा जो समज बालसाहित्यात घट्ट बसला आहे, तो या पुस्तकाने पार मोडून काढला.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. गावातल्या एका छोट्या वाचनालयाचं कपाट मी सांभाळते. खालच्या फळीवर लहान मुलांची पुस्तकं, वरच्या फळ्यांवर कथा, कादंबऱ्या, चरित्रं. मधली फळी, म्हणजे बारा ते सतरा वर्षांच्या मुलामुलींची, भरायला घेतली की हात थांबतो. सातवीतली एक मुलगी 'फास्टर फेणे'चं पुस्तक परत करताना दारातूनच ओरडली होती, "बाई, ह्याचा पुढचा कुठंय?" तिला पुढचा दिला, त्याच्या पुढचा दिला. ते सगळे संपल्यावर काय द्यायचं? भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे अजून धावतो आहे, पण तो तिच्या आजोबांच्या काळातल्या पुण्यात धावतो आहे. तिच्या वयाचा, तिच्या काळातला, मोबाइल खिशात असलेला, तालुक्याच्या गावी राहणारा दुसरा कुणी मराठीने तिच्या हाती दिलेला नाही.

या वयासाठी मराठीत पुस्तकंच नाहीत असं मात्र नाही. गंमत अशी की ती या वयासाठी म्हणून लिहिलीच गेली नाहीत. प्रकाश नारायण संतांचा लंपन बेळगावकडच्या सीमाभागातला. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही त्याची चार पुस्तकं मोठ्यांच्या कपाटात असतात. मिलिंद बोकीलांची 'शाळा' २००४ ची, आणीबाणीच्या वर्षातला नववीचा वर्ग. नववीतली मुलं ती एकमेकांकडून मागून, वहीत लपवून वाचतात. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' माकडांच्या टोळ्यांची, तिला तर वयाची अट लावणंच चूक. ही पुस्तकं मुलांपर्यंत योगायोगाने पोचतात, कुणी मोठं माणूस हातात देईल तेव्हा. ज्यांना असं कुणी भेटत नाही ती मुलं तेराव्या वर्षी थेट 'मृत्युंजय'वर उडी मारतात किंवा वाचनच सोडतात. आमच्याकडे तिसरी वाटही आहे: पोलीस भरतीची मार्गदर्शकं आणि अधिकाऱ्यांची आत्मकथनं. विश्वास नांगरे पाटील यांचं 'मन में है विश्वास' तालुक्यातल्या कुठल्याही अभ्यासिकेत सापडेल. ते वाचून उभारी मिळते, मिळू दे. पण सोळाव्या वर्षी माणसाला उभारीखेरीज भीती, कुतूहल, प्रेम, हसू हेही लागतं, आणि ते कथेतूनच मिळतं.

पूर्वी ही मधली फळी रहस्यकथा, भयकथा आणि विज्ञानकथा यांनी भरलेली असायची. बाबुराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. नारायण धारपांचे समर्थ, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा, सुहास शिरवळकर ही नावं भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्रऱ्यांमधून गावोगाव गेली. अनंत अंतरकरांनी 'हंस'च्या जोडीला अशा साहित्यासाठी 'नवल' काढलं. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली. पुढे त्यांच्या विज्ञानकथांनी पिढ्यांना वाचतं केलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा शोक करणाऱ्यांत चौदाव्या वर्षी त्यांची पुस्तकं वाचलेले लोक फार होते.

समीक्षेने या सगळ्याला दारातही उभं केलं नाही, हा मोठा अन्याय झाला. आजही तो चालू आहे, फक्त पद्धत बदलली. नंदा खरे यांची 'उद्या' ही उघडउघड नजीकच्या भविष्याची कादंबरी. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि खरे यांनी तो नम्रपणे नाकारला. चर्चा झाली ती त्या नकाराची. विज्ञानकथा म्हणून तिचं बळ कशात आहे, हे फारसं कुणी बोललं नाही. हृषीकेश गुप्ते भयकथेतून आले आणि 'दंशकाल'मध्ये तीच कारागिरी त्यांनी एका कुटुंबाच्या गोष्टीला लावली. मला ती अलीकडच्या सर्वांत ताकदवान कादंबऱ्यांपैकी एक वाटते, आणि तिची ताकद भयकथेतून आली हे लपवायचं कारण नाही. म्हणूनच भारत सासणे यांच्यासारख्या, उदगीरच्या संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलेल्या कथाकाराने मुलांसाठी 'समशेर आणि भूतबंगला' लिहिलं आणि २०२४ चा बालसाहित्य पुरस्कार त्याला मिळाला, याचं मी स्वागत करते. भूतबंगला या शब्दाला आता तरी कुणी नाक मुरडणार नाही.

विषयांची वाण आहे म्हणावं, तर आमच्या एका तालुक्यातच कितीतरी पडून आहेत. चोंडी, अहिल्याबाई होळकरांचं जन्मगाव, आमच्याच तालुक्यात. अहिल्याबाईंच्या जन्माला २०२५ मध्ये तीनशे वर्षं झाली. मोठ्यांसाठी विजया जहागीरदार यांची 'कर्मयोगिनी' आहे, विनया खडपेकर यांचं 'ज्ञात-अज्ञात अहिल्याबाई होळकर' हे साक्षेपी चरित्र आहे. मुलांच्या हाती मात्र येतात त्या बहुधा पातळ पुस्तिका, त्यात हातात पिंड घेतलेली शांत मूर्ती आणि घाटांची, मंदिरांची यादी. कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ साली नवरा गेलेली, सासऱ्याच्या सांगण्यावरून सती न गेलेली, पुढे राज्याचा हिशेब स्वतः पाहणारी बाई मुलींना गोष्टीत भेटायला हवी. ज्या १७९५ साली त्या गेल्या, त्याच साली मार्चमध्ये त्यांच्या माहेरच्या याच मुलखात खर्ड्याची लढाई झाली. चौदा वर्षांच्या वाचकासाठी यात आख्खी कादंबरी आहे: रणापासून कोसावर राहणारं कुणी पोर, आणि गावावरून जाणाऱ्या दोन फौजा.

इतकं मागेही जायला नको. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांनी गावोगावच्या बायका निवडून त्यांना आरोग्यसेविका केलं. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, कित्येकी दलित वस्तीतल्या. ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं, त्यांच्या हातांनी गावातली बाळंतपणं होऊ लागली. जगभरातून माणसं हे पाहायला जामखेडला आली. या बायका मला अहवालांत भेटल्या, व्याख्यानांत भेटल्या, मराठी कादंबरीत अजून भेटलेल्या नाहीत. अशा एखाद्या बाईच्या नातीच्या तोंडून ही गोष्ट कुणी लिहिली, तर मोठ्यांची कादंबरी आणि मुलांचं पुस्तक यांतली दरी एका पुस्तकापुरती तरी बुजेल.

प्रकाशक म्हणतील, या वयाचं पुस्तक खपत नाही. खपणार कुठून? तालुक्याच्या ठिकाणी पुस्तकांचं दुकान म्हणजे वह्या, गाइडं आणि नकाशे. शाळेत पुस्तकं येतात तीही अनेकदा कपाटात कुलूपबंद राहतात, कारण एखादं हरवलं तर भरपाई कुणी करायची, या धास्तीने शिक्षक ती बाहेरच काढत नाहीत. साठ्यावर बोट ठेवणारी तपासणी असते, वाचणाऱ्या मुलांवर बोट ठेवणारी नसते. पुस्तक फाटणं, हरवणं हा वाचनाचा खर्च आहे असं एकदा लेखी मान्य झालं, तर निम्मी कपाटं उद्या उघडतील.

तोवर तेरा वर्षांच्या वाचकाला मी आधी 'सत्तांतर' देते, कारण ती लहान आहे आणि तिच्यात एकही माणूस उपदेश करत नाही. ती आवडली तर 'खारीच्या वाटा', मग 'वनवास'. भीती हवी असेल त्याला मतकरी. 'शाळा' नववीच्या आत मागितली तरी देते. 'उसवण' दहावीनंतर, आणि घरी शिलाई मशीन असेल तर त्याआधीही.