ओढ, क्रिया आणि तृप्ती : उंदराच्या कामवर्तनाची मराठी परिभाषा

नर उंदराच्या कामप्रेरणेचा मेंदूतील रसायनांशी असलेला संबंध मराठीत सांगताना 'कामेच्छा', 'कामवासना', 'लैंगिक प्रेरणा' आणि 'लैंगिक क्षमता' हे शब्द बहुधा एकमेकांच्या जागी योजिले जातात; डोपामीन या द्रव्यास तर सरसकट 'आनंदरसायन' म्हटले जाते. ही केवळ शैलीची शिथिलता असती, तर तिची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु या शब्दांमुळे प्रयोगाचा निष्कर्षच पालटतो, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

केंब्रिज येथे बॅरी एव्हरिट व त्यांचे सहकारी यांनी 1980 नंतरच्या दशकात केलेले प्रयोग या दृष्टीने उद्बोधक आहेत. मादीपर्यंत पोहोचण्यासाठी नराने कळ दाबावी, अशी योजना त्यांनी केली. हायपोथॅलॅमसच्या पुढील प्रीऑप्टिक भागास इजा केलेला नर कळ दाबीत राहिला, परंतु समागम करू शकला नाही. याउलट, अमिग्डलाच्या एका भागास इजा झाल्यावर कळ दाबणे मंदावले. मादी जवळ येताच समागम मात्र पूर्ववत् घडला. अर्थात् मादीसाठीची खटपट आणि प्रत्यक्ष क्रिया या गोष्टी मेंदूतच काही अंशी विभक्त आहेत. 'कामेच्छा कमी झाली' हे एकच वाक्य दोन्ही नरांस लावल्यास प्रयोगात काय आढळले, हेच वाचकास कळणार नाही.

'आनंदरसायन' हा शब्द याहून सदोष आहे. एलेन हल यांच्या 1995 च्या प्रयोगात आडपडद्यापलीकडे माजावरील मादी असतानाच, म्हणजे समागमापूर्वीच, नराच्या प्रीऑप्टिक भागातील डोपामीन वाढले. केंट बेरिज यांनी तर असे दाखविले, की मेंदूतील डोपामीन जवळजवळ नाहीसे केलेला उंदीरही गोड चवीस पसंतीची मुद्रा दाखवितो. तेव्हा या द्रव्याचे नाते आनंदापेक्षा ओढीशी अधिक आहे.

हा भेद बोलीस परका नाही. 'मला हवे' आणि 'मला आवडते' ही वाक्ये आपण कधी एक मानीत नाही. शिवाय दोहोंत अनुभवणारा चतुर्थीत येतो, कर्ता होत नाही. 'उंदीर इच्छितो' असे लिहिताच मात्र त्यास कर्तृत्व बहाल होते. बीड जिल्ह्यातील शेतकरी 'गाय माजावर आली' म्हणतो, पण 'वळू माजला' म्हणतो : पहिल्यात ऋतूने बांधलेली अवस्था आहे, दुसऱ्यात स्वभावाची तऱ्हा. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (1551–1615) पासोडीवर जे पंचीकरण लिहिले, त्याच्या परंपरेतही अंतःकरण आणि कर्मेंद्रिये वेगळी मोजली जातात. आधुनिक शोध तेथे आधीच होता, असे सुचविण्याचा हेतू नाही. निरनिराळ्या व्यापारांस निरनिराळी नावे देण्याची शिस्त तेथे होती, एवढेच.

या शिस्तीची गरज प्रयोगशाळेपुरती नाही. सेरोटोनिनवर कार्य करणाऱ्या काही नैराश्यविरोधी औषधांनी पुरुषाची इच्छा मंदावू शकते, तसा स्खलनास विलंबही होऊ शकतो. रुग्ण 'इच्छाच होत नाही' म्हणतो, की 'इच्छा आहे, पण होत नाही' म्हणतो, यावर वैद्याचा पुढील प्रश्न अवलंबून असतो. भिंतीवरील जाहिरातींतला 'कमजोरी' हा शब्द दोन्ही तक्रारी गिळून टाकतो, आणि शास्त्रीय लेखनातील 'कामेच्छा' त्याहून फारसे निराळे काही करीत नाही. म्हणून 'ओढ', 'क्रिया' व 'तृप्ती' हे तीन शब्द कटाक्षाने वेगळे राखावेत. आणि प्रत्येक वेळी उंदराचे नेमके कोणते वर्तन मोजले, ते आधी सांगून मगच त्यास नाव द्यावे.