इंग्रजी-मराठी कोशांतील अपरिचित शब्द : अर्थ आणि उच्चार

प्रस्तावना :
ठाण्यातील खोपट येथील एस.टी. आगाराला प्रवासी आणि वाहक सर्रास 'डेपो' म्हणतात. या शब्दाच्या इंग्रजी वर्णलेखनात शेवटी 'टी' आहे. तो कोणी उच्चारत नाही. याउलट 'इपिटमी' हा शब्द पदवी वर्गातील विद्यार्थी बहुधा 'एपिटोम' असा वाचतो. पहिला शब्द कानाने आला, दुसरा डोळ्यांनी. या भेदाच्या आधारे कोशांतील देवनागरी उच्चारनोंदींचे मूल्यमापन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

कानाने आलेले शब्द :
'कर्नल' या शब्दाचे इंग्रजी वर्णलेखन 'कोलोनेल' असे वाचावे लागेल असे आहे. त्याचा उच्चार जुन्या फ्रेंच रूपावरून टिकला, तर वर्णलेखन इटालियन मुळाच्या जवळ गेले. 'लेफ्टनंट'मधील 'फ'ला तर वर्णलेखनात आधारच नाही. तरीही मराठी भाषक हे शब्द अचूक उच्चारतो, कारण ते त्याने आधी ऐकले. 'इपिटमी' आणि 'हायपर्बली' हे शब्द ग्रीकमधून आल्याने त्यांतील अंत्य 'ई' उच्चारला जातो. विद्यार्थी मात्र 'होम', 'पोल' यांच्या सादृश्याने तो गाळतो. ही चूक तर्कशून्य नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

देवनागरीचे बळ व मर्यादा :
मोल्सवर्थ यांनी आरंभिलेला आणि कँडी यांनी पूर्ण केलेला इंग्रजी-मराठी कोश १८४७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या काळात 'ॲ' व 'ऑ' या चिन्हांनी इंग्रजी स्वरांची मोठी सोय केली. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने त्यांना वर्णमालेत स्थान दिले. परंतु 'मेझर'मधील मधल्या ध्वनीला स्वतंत्र अक्षर नाही आणि आघात दाखविण्याची रूढ सोयही नाही. 'इन्व्हॅलिड'मध्ये दुसऱ्या अवयवावर आघात असेल तर अर्थ 'अवैध' होतो. पहिल्यावर असेल तर 'रुग्णाईत, पंगू'. येथे उच्चार चुकला की अर्थही बदलतो.

एकशब्दी प्रतिशब्दांची अडचण :
'एनर्व्हेट' म्हणजे शक्तिहीन करणे. 'एनर्जी'शी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे नेमका उलट अर्थ घेतला जातो. 'नॉइसम' म्हणजे किळसवाणा, विशेषतः दुर्गंधीयुक्त. 'नॉइज' म्हणजे गोंगाटाशी त्याचा संबंध नाही. 'इन्जेन्युअस' (निष्कपट) आणि 'इन्जीनिअस' (कल्पक) यांतील भेदही केवळ प्रतिशब्द पाठ करून टिकत नाही. वापराचे वाक्य नसेल तर नोंद अपुरीच राहते.

आक्षेपाचा विचार :
देवनागरी सोडून आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीच स्वीकारावी, असे म्हटले जाऊ शकते. डॅनियल जोन्स यांच्या १९१७ च्या उच्चारकोशापासून त्या पद्धतीची उपयुक्तता सिद्ध आहे. तथापि, ती लिपी न शिकलेल्या विद्यार्थ्याला अशी नोंद मुकीच वाटते. देवनागरी ही त्याची पहिली पायरी आहे. ती काढून घेणे हा उपाय नव्हे.

निष्कर्ष :
देवनागरी नोंदीत आघातयुक्त अवयव ठळक करावा, प्रत्येक अपरिचित शब्दाला एक वाक्य द्यावे आणि वर्गात तो शब्द प्रथम ऐकवावा, मगच फळ्यावर लिहावा. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याचा चुकलेला उच्चार मौखिक परीक्षेत त्याच्या अज्ञानाचा पुरावा मानला जातो. वस्तुतः तो शब्द त्याला कोणी ऐकविलेला नसतो. 'डेपो' अचूक उच्चारणाऱ्या कानाला 'इपिटमी' अवघड नाही. ती उणीव कोशाची आणि अध्यापनाची आहे.