बहार, खिजाँ आणि मृग

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की विषय ठरलेले असतात. अस्मिता, दंगल, दारिद्र्य, तलाक, शिक्षण, भाषा. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून हे प्रश्न आपण नेटाने मांडत आलो आहोत आणि ते मांडायलाच हवेत. पण या साऱ्या लेखनात एक गोष्ट फार कमी सापडते, ती म्हणजे ऋतू. आपल्या कथांतली माणसे मोहल्ल्यात राहतात, पण त्या मोहल्ल्यावर पाऊस क्वचितच पडतो. आपल्या गझलेत बहार येते, पण ती कोणत्या झाडावर आली हे कळत नाही. ही उणीव मला किरकोळ वाटत नाही. पायाखालची जमीन ज्या लेखनात दिसत नाही, त्याने 'आम्ही इथलेच' असे कितीही मोठ्याने सांगितले तरी वाचकाला तो वकिली युक्तिवाद वाटतो.

अपवाद आहेत. हमीद दलवाई यांच्या विचारांशी कुणाचे मतभेद असोत, पण त्यांच्या 'इंधन' (१९६५) या कादंबरीत कोकणातले गाव खरोखर उभे आहे. बार्शीच्या अमर शेखांच्या शाहिरीला मातीचा वास आहे. त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'धरतीमाता' आहे. मात्र अडचण मुख्यतः गझलेत आणि गझलेच्या वळणाने लिहिल्या जाणाऱ्या कवितेत आहे. तिथे आपण गुलशन, बुलबुल, बहार आणि खिजाँ हा सगळा सरंजाम जसाच्या तसा मराठीत आणतो. फारसी कवीला तो त्याच्या हवामानाने दिला होता. इराणात हिवाळा कडक, त्याआधी पानगळ, आणि मग वसंत. तिथे बहार म्हणजे जीवन आणि खिजाँ म्हणजे मरण, हे समीकरण डोळ्यांना दिसणारे आहे.

पुण्यात ते मोडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस पाने गाळतात आणि त्याच उघड्या फांद्यांवर फुलतात. वेताळ टेकडीवर लावलेला गिरीपुष्प परदेशातून आलेला, पण तोही निष्पर्ण होऊन गुलाबी फुलांनी भरतो. पिंपळाची जुनी पाने पडतात न पडतात तोच तांबूस पालवी चमकू लागते. म्हणजे इथे खिजाँ आणि बहार एकाच फांदीवर, एकाच आठवड्यात भेटतात. गमावणे आणि मिळणे एकदम घडते, हा केवढा मोठा आशय आहे! गझलेच्या दोन ओळींना याहून चांगला विरोधाभास कुठे मिळणार? तो रोज शाळेच्या रस्त्यावर उभा असतो आणि आपण मात्र शिराजच्या बागेत शोधत बसतो.

यावर कुणी म्हणेल की ही प्रतीके आहेत, वनस्पतिशास्त्र नव्हे. बुलबुल लिहिणाऱ्याने पक्षी पाहिलाच पाहिजे असे नाही. मान्य. पण प्रतीक वापरून वापरून गुळगुळीत झाले की त्याला पुन्हा अनुभवाची धार लावावी लागते. उर्दूत हे काम झालेले आहे. नजीर अकबराबादीने आग्र्याचा पावसाळा आणि थंडी लिहिली. १८७४ मध्ये लाहोरच्या मुशायऱ्यांत मिसरा-ए-तरह न देता विषय दिले गेले आणि हालींनी 'बरखा रुत' लिहिली.

पण आपल्याला लाहोरपर्यंत जाण्याची गरज नाही. आपला पूर्वज दख्खनमध्येच आहे. १५९१ मध्ये हैदराबाद वसवणाऱ्या मुहम्मद कुली कुतुबशाहाने दखनीत सण, फळे, भाज्या, वसंत, थंडी यांवर कविता लिहिल्या, आणि पावसाळ्यावर लिहिताना त्याने शब्द वापरला तो 'मृग'. फारसी जाणणाऱ्या सुलतानाला पावसासाठी तोच शब्द जवळचा वाटला, जो आजही पुणे जिल्ह्यातला शेतकरी वापरतो. १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर दखनीचा राजाश्रय गेला. पुढे दिल्लीच्या वळणाची भाषा प्रमाण ठरली, आणि हळूहळू आपल्या कवितेतून मृग गेला. आज मराठीत लिहिणाऱ्या मुस्लिम कवीने मृग लिहिला तर तो कुणाची नक्कल करत नाही, आपली हरवलेली वस्तू परत घेतो.

आणि हा शब्द केवळ कवितेतला नाही. पेशवे दफ्तरातल्या कागदांवर जी शुहूर सनाची कालगणना दिसते, तिचे आकडे अरबी आहेत: इसन्ने, सलास, अर्बा, खमस. पण ते वर्ष सुरू होते सूर्य मृग नक्षत्रात शिरल्यावर. म्हणून तिला मृगसाल असेही म्हणतात. अरबी आकडा आणि दख्खनचा पाऊस एका ओळीत बसवण्याचे काम या भूमीने फार पूर्वीच केले आहे. शेतकऱ्याचे 'खरीप' आणि 'रब्बी' हे शब्दही अरबीच. खरीफ म्हणजे शरद, रबी म्हणजे वसंत. इथल्या पेरणी-कापणीशी जुळवून घेताना त्यांचे अर्थ बदलले, पण शब्द रुजले.

दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) मराठीत या विषयाचा मानदंड आहे. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याच्या हातात हात घालून ते पुस्तक चालते. आपल्याला तसे लिहिता येणार नाही, कारण हिजरी महिने ऋतूला बांधलेले नाहीत. अधिक महिना नसल्याने ते दरवर्षी सुमारे ११ दिवस मागे सरकतात आणि साधारण ३३ वर्षांनी फेरा पूर्ण होतो. मला यात उणीव दिसत नाही, संधी दिसते. २००० साली रमजान नोव्हेंबरअखेर सुरू झाला. सहरीला कुडकुडत उठावे लागे. २०१६ मध्ये पहिला रोजा ७ जूनला, नेमका मृगाच्या तोंडावर. २०२५ मध्ये २ मार्चला रोजे सुरू झाले तेव्हा पळस फुललेला होता, आणि गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ईद आली. एकच इबादत प्रत्येक ऋतूतून जाते, एकच ईद कधी चिखलात तर कधी उन्हात भेटते. एका आयुष्यात असे दोन, फार तर अडीच फेरे. बालपणीचा रमजान ज्या ऋतूत होता, त्या ऋतूत तो पुन्हा येईपर्यंत आई-वडील कदाचित नसतात. असे ऋतुचक्र मराठीत अजून कुणी लिहिलेले नाही, आणि ते आपल्याशिवाय कोण लिहिणार?

ऋतू म्हणजे केवळ सौंदर्य, ही समजूतही सोडायला हवी. पोटभर जेवलेल्यांनी टेकडीवर जाऊन फुले पाहावीत, असा हा विषय नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढा घराघरांत शिरला. पत्र्याच्या खोलीतला मे महिना आणि गळक्या छपराखालचा श्रावण हेही ऋतूच आहेत. ज्याच्या घराला भिंती पातळ, त्याच्या अंगाला ऋतू आधी लागतो. आपल्या दलित आणि ग्रामीण लेखकांनी हे ओळखले; ना. धों. महानोरांच्या 'रानातल्या कविता'मध्ये (१९६७) रान हे राबण्याची जागा म्हणून येते. आपल्या मोहल्ल्यातला पाऊस मात्र अजून लिहायचा राहिला आहे.

वर्गात 'बरसात का मौसम' असा मजमून दिला की मुले आंब्याच्या बागेतला झुला आणि कोयल लिहितात. पेठेत राहणाऱ्या त्या मुलांनी झुला पाहिलेला नसतो. गाइडमध्ये तसे छापलेले असते. मी त्यांना एवढेच सांगतो की घरातून शाळेपर्यंत येताना पावसाने काय काय बदलले ते लिहा. मग तुंबलेले गटार येते, वाळत न घातलेली गोधडी येते, वडिलांची बंद राहिलेली हातगाडी येते. उर्दू अचानक जिवंत होते. आपल्या वार्षिकांच्या संपादकांनी एखादा अंक याच अटीवर काढून पाहावा: कवीने आपल्या गावचे झाड, आपल्या गावचा पाऊस आणि आपल्या वाट्याला आलेला एक रमजान लिहावा. दखनीतला आणि कोकणी बोलीतला मजकूरही त्यात यावा. नव्या गझलकारांना छंद, काफिया आणि रदीफ आपण शिकवतोच. त्यासोबत पळस कधी फुलतो हेही त्यांना ठाऊक असावे.