चक्कीवाल्याचे पुस्तक आणि चंद्राचे कवच

नॉटिंगहॅमला पाहुणे आले की आपण त्यांना रॉबिन हूडचा पुतळा दाखवतो आणि वेळ उरलाच तर स्नेंटनची पवनचक्की. "हा चक्कीवाला शाळेत जेमतेम वर्षभर गेला आणि केवढा मोठा गणिती झाला!" असे मुलांना सांगून आपण गाडीकडे वळतो. जॉर्ज ग्रीनची ही गोष्ट खरीच आहे. पण गोष्टीचे कौतुक होते आणि पुस्तक बाजूला राहते. म्हणून हे थोडेसे पुस्तकाविषयी.

वीज आणि चुंबकत्व यांच्या गणितावरचा हा निबंध १८२८ साली इथेच, नॉटिंगहॅममध्ये छापला गेला. वर्गणीदार ५१, किंमत साडेसात शिलिंग. प्रस्तावनेत ग्रीनने, फावल्या वेळात शिकलेल्या माणसाला सांभाळून घ्यावे, अशी वाचकांना विनंती केली आहे. पुढे मात्र तो वाचकाला अजिबात सांभाळून घेत नाही! फ्रेंच गणितींचे काम ठाऊक आहे असे गृहीत धरून तो भराभर पुढे जातो. हा पुस्तकाचा मोठा दोष. ज्यांना ते कळले असते त्यांच्या हाती ते पडले नाही, आणि ज्यांच्या हाती पडले त्यांतल्या फारच थोड्यांना ते कळले असेल. १८४१ मध्ये ४७ व्या वर्षी ग्रीन वारला. १८४५ मध्ये विल्यम थॉमसन (पुढचे लॉर्ड केल्विन) यांना त्याची प्रत मिळाली आणि मग ते युरोपभर पोहोचले.

मग यात असे आहे तरी काय? सह्याद्रीचा समोच्च रेषांचा नकाशा आठवा. प्रत्येक ठिकाणी उंचीचा एकच आकडा असतो, पण त्यावरून पाणी कुठे आणि किती जोराने वाहील ते कळते. प्रत्येक बिंदूवरचे बल आणि त्याची दिशा मोजत बसण्याऐवजी असा एकच आकडा धरावा, ही युक्ती लाप्लासकडेही होती. ग्रीनने तिला 'पोटेन्शियल' हे नाव दिले (आपल्या पाठ्यपुस्तकांतले 'विभव') आणि सीमेवरच्या आकड्यांचा आतल्या-बाहेरच्या साऱ्याशी संबंध जोडणारे सिद्धांत मांडले. पुस्तकात गुरुत्वाकर्षणाचे प्रकरण नाही, पण अंतराच्या वर्गाचा नियम तोच असल्याने गणित तिथेही चालते.

पुस्तकाची खरी किंमत इथे कळते. १८५५ मध्ये प्रॅट यांनी दाखवले की हिमालयाच्या वस्तुमानाच्या हिशेबाने ओळंबा जितका कलायला हवा, त्याच्या साधारण एक तृतीयांशच तो कलतो. डोंगरांना खोल, हलकी मुळे असतात, असे एअरी यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले. खणल्याशिवाय कवचाचा अंदाज घेता येतो, तो असा. २०१२ मध्ये 'ग्रेल' मोहिमेची एब आणि फ्लो, म्हणजे ओहोटी आणि भरती, ही जुळी याने चंद्राभोवती एकामागून एक फिरली. खाली वस्तुमान जास्त असले की पुढचे यान आधी ओढले जाई आणि दोघांमधले अंतर किंचित बदले. त्या मोजमापांवरून चंद्राच्या कवचाची सरासरी घनता घनमीटरला २५५० किलो आणि सच्छिद्रता सुमारे १२ टक्के निघाली. जाडी ३४ ते ४३ किलोमीटर ठरली, पूर्वीच्या अंदाजापेक्षा कमी.

पण ३४ ते ४३ असे का, एकच आकडा का नाही? याचेही उत्तर ग्रीनकडे आहे. आतल्या वस्तुमानाऐवजी पृष्ठभागावर योग्य रीतीने पातळ थर पसरला तरी बाहेर आकर्षण तेच राहते. म्हणजे नुसत्या बाहेरच्या मोजणीवरून आतली रचना एकमेव ठरत नाही. कलिंगड नुसते तोलून ते पिकले आहे का हे कळत नाही, टिचकी मारावी लागते. चंद्राच्या बाबतीत ही टिचकी अपोलोच्या भूकंपमापकांची. मंगळावर ती २०१८ मध्ये उतरलेल्या 'इनसाइट'ने ऐकली. तिथल्या कंपनांना गुरुत्वाच्या नकाशांची जोड देऊनही २०२१ मध्ये मंगळाच्या कवचाची सरासरी जाडी २४ ते ७२ किलोमीटर, एवढीच सांगता आली.

बाहेरून किती कळते, हे सांगणारी पुस्तके पुष्कळ आहेत. किती कळणार नाही, हेही त्याच गणिताने सिद्ध करणारी थोडी. ग्रीनचे मोठेपण त्याच्या अपुऱ्या शाळेत शोधू नये, या प्रामाणिकपणात शोधावे. मुलांना चक्की दाखवताना शाळेच्या गोष्टीबरोबर कलिंगडाचीही गोष्ट सांगा. ती त्यांना अधिक दिवस पुरेल.