ताटीपाशी कोण उभे राहते?

ज्येष्ठात आदिशक्ती मुक्ताईंची पालखी मलकापूर, मोताळा करीत राजूरचा घाट चढते आणि बुलढाण्याला येते. आमच्या जिल्ह्याचे घाटाखालचे आणि घाटावरचे असे दोन भाग त्या दिवशी एक होतात. पुढे चिखली, देऊळगावराजा असा मार्ग धरून मुक्ताई पंढरीला निघतात. हल्ली या वाटेवर एक नवे दृश्य दिसते. पालखी वळणावर आली की जोडायचे हात वर जातात आणि त्यांत फोन असतात. दुपारपर्यंत मुक्ताई गावोगावच्या ग्रुपवर पोहोचलेल्या असतात. प्रत्यक्ष गावात यायला त्यांना अजून एक-दोन मुक्काम लागायचे असतात. मग पालखी खरोखर दारावरून जाते तेव्हा काही घरांतली माणसे उठतही नाहीत. सकाळीच दर्शन झाले, म्हणतात.

सज्जनहो, फोनला शिव्या देण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. माझ्याही खिशात तो आहे आणि आमच्या भजनी मंडळाचा ग्रुप मीच काढून दिला आहे. पण ज्याने घर बांधले त्यानेच गळती पाहावी, या न्यायाने काही गोष्टी बोलायला हव्यात.

माणसे जोडण्याचे काम वारकऱ्यांना नवे नाही. नामदेवराय पंढरीचे, गोरोबाकाका तेरचे, सावता महाराज अरणचे, नरहरी सोनार पंढरीचे. चोखोबारायांचा जन्म तर आपल्याच देऊळगावराजा तालुक्यातल्या मेहुणाराजाचा, असे परंपरा सांगते. कोणी शिंपी, कोणी कुंभार, कोणी माळी, कोणी गावकुसाबाहेरचा. तार नव्हती, टपाल नव्हते, तरी ही मंडळी एकमेकांना घट्ट धरून होती. त्या जोडणीची किंमत होती पायपीट. आषाढी-कार्तिकीला यायचे, वाळवंटात उभे राहायचे, समोरच्याच्या पायांवर डोके ठेवायचे आणि त्याचे डोके आपल्या पायांवर येऊ द्यायचे. संप्रदायात दंडवत परस्परांना घालतात. लहान कोण, मोठा कोण, हा हिशेब तिथे संपतो. वाकल्याशिवाय ओळख नाही, असा हा नेम आहे.

आता आमच्या ग्रुपचे पाहा. पहाटे साडेचारपासून ‘रामकृष्ण हरी’ सुरू होते. पांडुरंगाचे चित्र, खाली सुविचार, सुविचाराखाली एखाद्या संतांचे नाव. ते वचन त्या संतांचे आहे की नाही, हे गाथा उघडून कोणी पाहत नाही. त्यावर जोडलेल्या हातांची रांग लागते. एकादशीला तर फोन तापतो. आणि त्याच एकादशीच्या रात्री मंदिरात भजनाला टाळकरी मोजले तर दोन्ही हातांची बोटे पुरतात. पखवाज वाजवणारा आला नाही म्हणून ठेका हातावर धरावा लागतो. गावात कोणी गेले तर पहिला माणूस ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहितो आणि पुढचे तेच बोट लावून खाली सरकवतात. पूर्वी दुःखवट्याला जाताना काय बोलावे हे सुचत नसे. ओसरीवर नुसते बसून राहावे लागे. ते न सुचणे हेच सांत्वन होते, हे आता कळते.

मला हे कळले त्याची हकीकत सांगतो.

आमच्या मंडळात एक वीणेकरी बाबा आहेत. वय पंच्याहत्तरीच्या पुढे. हरिनाम सप्ताहात पहाऱ्याची वीणा त्यांनी घेतली की बदलायला माणूस उशिरा आला तरी त्यांची कुरकूर नसे. नातवाने त्यांना ग्रुपवर घेतले तेव्हापासून रोज पहाटे सगळ्यांच्या आधी त्यांचा नमस्कार येऊ लागला. कार्तिकीनंतर ते भजनाला यायचे थांबले. थंडी असेल, असे आम्ही म्हटले. नमस्कार रोज येत होता. त्यामुळे बाबा मजेत आहेत, असे सर्वांनी धरून चाललो. मीही रोज हात जोडून पाठवीत होतो. त्यांचे घर माझ्या घरापासून तिसऱ्या गल्लीत आहे.

चैत्रात काही कामाने त्यांच्या दारावरून जाताना सहज आत डोकावलो. बाबा खाटेवर होते. उजवी बाजू लकव्याने गेली होती, त्याला चार महिने होऊन गेले होते. मी विचारले, ‘बाबा, रोजचा नमस्कार?’ नातू म्हणाला, ‘तो मीच धाडतो. आजोबा झोपू देत नाहीत.’ बाबा अडखळत म्हणाले, ‘एक दिवस खाडा पडला तं मंडई काय म्हनतीन?’ मग थोडे थांबून म्हणाले, ‘मले वाटलं, कोनी तरी हरिपाठाले येईन.’

भिंतीवर त्यांची वीणा खुंटीला टांगलेली होती. तारा उतरवून ठेवल्या होत्या. मी चार महिने रोज त्यांना नमस्कार केला होता आणि चार महिने त्यांना भेटलो नव्हतो. आधी ग्रुप नव्हता तेव्हा दुसऱ्या गुरुवारीच कोणी तरी विचारले असते, ‘बाबा का दिसेनात?’ आणि कोणी तरी जाऊन पाहिले असते. ते विचारणे त्या नमस्काराने बंद केले. खोटे त्यात काही नव्हते. तरीही त्याने आमच्या डोळ्यांवर पडदा ओढला.

इथे मला माउलींच्या पालखी सोहळ्यातली समाजआरती आठवते. ज्यांनी ती पाहिली आहे त्यांना सांगायला नको. मुक्कामाच्या तळावर पालखी येते, सगळ्या दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, हजारो टाळ एकाच वेळी वाजत असतात. चोपदार आपला दंड वर करतात आणि क्षणात शांतता होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवीत नाही. सगळे गप्प आणि एक टाळ वाजतो आहे. चोपदार त्या आवाजाकडे चालत जातात, काय झाले ते विचारतात, त्याचा निवाडा करतात. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा होते आणि त्यानंतर आरती. आधी माणसाचे गाऱ्हाणे, मग देवाची आरती. लाखांचा समाज चालवणाऱ्या आपल्या पूर्वजांनी ही केवढी व्यवस्था लावून ठेवली आहे!

ग्रुपमध्ये नेमके हेच नाही. तिथे दंड कोणी वर करीत नाही, म्हणून शांतता होत नाही. शांतता होत नाही, म्हणून अडचणीतल्या माणसाचा टाळ वेगळा ऐकू येत नाही. सर्वांचे टाळ सारखेच वाजतात. आमच्या बाबांचाही वाजत होता. ज्यात एकाच वेळी सगळे बोलू शकतात तो मोठा समाज, असे आज आपल्याला वाटू लागले आहे. वारीचे शिक्षण उलटे आहे. जो सगळ्यांना थांबवून एकाचे ऐकतो तो समाज. आणि ऐकून तिथेच उभा राहत नाही, त्याच्याकडे चालत जातो.

कीर्तनाचीही हीच गत होऊ लागली आहे, आणि इथे दोष आपल्या घरचा आहे. दोन तासांच्या सेवेतला अर्धा मिनिट कापून फिरवला जातो. तो अर्धा मिनिट बहुधा अभंगाच्या निरूपणाचा नसतो. सुनेवरची, बायकोवरची, शेजाऱ्यावरची कोटी असते. ती लाखांनी पाहिली की पुढच्या सप्ताहाला त्याच बुवांना बोलावणे जाते आणि बिदागी वाढते. मग बुवाही त्या कोटीसाठीच उभे राहतात. श्रवण ही नवविधा भक्तीतली पहिली पायरी आहे, आणि पहिल्या पायरीला वेळ लागतो. नमनापासून काल्यापर्यंत बसून राहणारा श्रोता कमी झाला तर कीर्तनकाराला एकट्याला दोष देऊन भागणार नाही.

ऐकणे सुटले की गोष्ट कुठवर जाते, याचा एक दाखला महाराष्ट्राने पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारले. आठवडी बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश फोनांवरून फिरत होते. ते पाच जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पिढ्यान्‌पिढ्या भिक्षा मागून फिरणारे. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडता येणार नाही, अशी मर्यादा जाहीर केली. यंत्राला मर्यादा घालता आली. मनाला कोण घालणार?

त्या मृतांपैकी बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले होते. वारकऱ्याला मंगळवेढे म्हटले की चोखोबाराय आठवतात. गावकूस कोसळून चोखोबा तिथे गाडले गेले. परंपरा सांगते की नामदेवराय स्वतः मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातल्या अस्थींमधून आपल्या सख्याच्या अस्थी ओळखायच्या कशा? त्यांनी एकेक अस्थी कानाशी धरली. जिच्यातून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची. त्या अस्थी त्यांनी पंढरीला आणल्या आणि महाद्वारापाशी समाधी बांधली. कथा म्हणून ऐका किंवा सत्य म्हणून ऐका, मैत्रीची व्याख्या तीत पुरती आहे: जाणे आणि कान लावणे. राईनपाड्यात त्या पाच जणांनी आपण कोण, कुठले, हे सांगितले नसेल का? कान लावणारा तिथे कोणी नव्हता. ज्या संप्रदायात अनोळखी माणसालाही ‘माउली’ म्हणून हाक मारतात, त्याने ही घटना दुसऱ्या कोणाची म्हणून सोडून देऊ नये. आपणही पुष्कळ संदेश न वाचता पुढे धाडले आहेत.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २०२० आणि २०२१ साली महामारीमुळे पायी वारी झाली नाही. संतांच्या पादुका एस.टी.ने पंढरीला गेल्या. शेगावची पालखी निघाली नाही. त्या दोन वर्षांत घरात अडकलेल्या वारकऱ्याला फोनवरच्या कीर्तनाने आणि हरिपाठाने धीर दिला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०११ पासून ‘फेसबुक दिंडी’ने ज्यांना पायी येता येत नाही अशांपर्यंत वारी नेली. पुण्याला नोकरीला गेलेली आमच्या गावची मुले सप्ताहाचा काला फोनवर पाहतात आणि पंगतीची वर्गणी पाठवतात. गुडघे गेलेली म्हातारी खाटेवरून पालखीला हात जोडते. तिच्या नमस्काराला उणा कोण म्हणेल? जिला येता येत नाही तिच्यासाठी तो फोन डोळा आहे. ज्याला येता येते आणि तो येत नाही, त्याच्यासाठी तोच फोन पडदा आहे. वस्तू एकच. म्हणून प्रश्न फोनला विचारण्यात अर्थ नाही, तो आपल्या पायांना विचारला पाहिजे.

मुक्ताईंच्या पालखीने आरंभ केला, तिच्यापाशीच येतो. लोकांच्या बोलण्याने दुखावलेले ज्ञानोबाराय झोपडीची ताटी लावून आत बसले, तेव्हा धाकटी बहीण ताटीपाशी उभी राहिली आणि दार उघडेपर्यंत विनवीत राहिली. ताटीचे अभंग म्हणून ते बोल आपण गातो. आत बसलेला साक्षात योगीराज होता. तरी त्यालाही कोणी दारापाशी यावे लागले. मग आपल्या-तुपल्यासारख्यांचे काय?

आमच्या मंडळाने मोठे काही केलेले नाही. एवढेच ठरवले आहे की जो दोन एकादशींना भजनाला दिसला नाही, त्याच्या घरी दोघांनी जायचे, त्याचा नमस्कार ग्रुपवर आलेला असला तरी. दर गुरुवारी हरिपाठ आता वीणेकरी बाबांच्या ओसरीवर होतो. वीणेला तारा चढवल्या आहेत. बाबांना ती धरता येत नाही, म्हणून नातू धरतो. बाबा डाव्या हाताने मांडीवर ठेका देतात. पहाटेचा त्यांचा नमस्कार मात्र आता रोज येत नाही.

रामकृष्ण हरी.